पिट्सबर्गचे काउंटी कोर्ट: रस्ता खाली गेला, दरवाजा वर राहिला

पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग शहरात, ग्रँट स्ट्रीटवर, अ‍ॅलेगेनी काउंटीचे कोर्ट आहे. हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांची ही इमारत अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या कोर्टांपैकी एक. टोरांटोच्या जुन्या सिटी हॉलवर आणि मिनिआपोलिसच्या सिटी हॉलवर तिची छाप उघड दिसते. तरीही समोरच्या दाराने आत शिरणारा माणूस आज पोहोचतो तो एके काळच्या तळघराच्या बुटक्या बोळात. ज्या दालनासाठी ही इमारत वाखाणली जाते ते त्याच्या डोक्यावर, एक मजला वर असते.

हे एका दिवसात झाले नाही आणि कोणा एकाच्या चुकीने झाले नाही. सुमारे पंचेचाळीस वर्षांत तीन निर्णय झाले. प्रत्येक निर्णय त्या वेळच्या अडचणीपुरता बरोबर होता. ते निर्णय कोणते आणि कुठे वेगळे वळण घेता आले असते, ते इथे मांडले आहे. वास्तुविशारद आणि कंत्राटदार यांच्याखेरीज बाकी सगळ्यांचा उल्लेख पदानेच केला आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेतली काउंटी साधारण आपल्या जिल्ह्यासारखी. कोर्ट, मालमत्तेच्या नोंदी, तुरुंग हा तिचा कारभार. अ‍ॅलेगेनी काउंटी १७८८ साली स्थापन झाली. शहराच्या पूर्व कडेला ग्रँट्स हिल नावाची टेकडी होती, आणि १८४० च्या सुमारास तिच्यावर जॉन चिझलेट यांनी ग्रीक धर्तीचे कोर्ट बांधले. ७ मे १८८२ रोजी ते जळाले.

टेकडीची हकिगत इमारतीइतकीच महत्त्वाची आहे. लोक तिच्या उंचवट्याला ‘हम्प’ म्हणत. शहर पूर्वेकडे वाढायचे तर हा उंचवटा आडवा येई. घोडागाड्या चढावर अडत, आणि पुढे ट्रॅमलाही तो जड जाई. म्हणून तो १८३६ मध्ये एकदा आणि १८४७ मध्ये पुन्हा कापला गेला होता. म्हणजे नव्या कोर्टाची जागा ठरली तेव्हा समोरचा रस्ता दोनदा खाली गेल्याचा इतिहास सर्वांसमोर होता. तिसऱ्यांदा जाईल का, हा प्रश्न नव्हताच. कधी आणि किती, एवढेच ठरायचे होते.

१८८३ मध्ये काउंटीच्या आयुक्तांनी पाच वास्तुविशारदांकडून आराखडे मागवले. १८८४ च्या सुरुवातीला रिचर्डसन यांची निवड झाली आणि त्याच वर्षी वूस्टरच्या नॉरक्रॉस ब्रदर्स या कंत्राटदारांना काम मिळाले. तुरुंग १८८६ मध्ये तयार झाला, कोर्ट १८८८ मध्ये. खर्च सुमारे साडेबावीस लाख डॉलर. रिचर्डसन यांनी काम पुरे झालेले पाहिले नाही. २७ एप्रिल १८८६ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी ते वारले. उरलेले काम त्यांच्या कार्यालयाचे वारसदार शेपली, रुटन आणि कूलिज यांनी नेले.

इमारत कशी चालते

आराखडा चौकाचा आहे. मध्ये मोकळे अंगण आणि त्याभोवती चारही बाजूंनी इमारत. कोर्टरूमना रस्त्याकडून उजेड मिळतो आणि ये-जा करण्याचे बोळ अंगणाकडून उजळतात. वाडा पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण कोळशाच्या धुराने दुपारी दिवे लावावे लागणाऱ्या शहरात ही मांडणी फार विचारपूर्वक केलेली होती.

हवेची योजना त्याहून हुशार. ग्रँट स्ट्रीटवरचा उंच मनोरा नुसता शोभेचा नाही. धुराच्या थराच्या वर जाऊन तो ताजी हवा आत घेई. ती हवा खाली आणून, गाळून, तापवून दालनांत सोडली जाई, आणि वापरलेली हवा मागच्या दोन मनोऱ्यांतून बाहेर पडे. म्हणजे इमारतीच्या पोटात, सर्वांत खालच्या मजल्यावर, हवेचे मार्ग, नळ आणि सामानाचे बोळ असणार हे मुळातच ठरलेले. तिथले छत बुटके ठेवले यात काही चूक नव्हती. लोकांनी तिथे यायचेच नव्हते.

लोकांसाठी वाट वेगळी होती. रस्त्यावरून ठेंगण्या, रुंद कमानींतून आत, मग प्रवेशदालन, मग दगडी कमानींवर तोललेला मोठा जिना, आणि वर कोर्टरूम. कमानी ठेंगण्या असण्याला कारण होते. रोमनेस्क म्हणजे जाड दगडी भिंती आणि अर्धगोल कमानींची मध्ययुगीन युरोपीय धाटणी. रिचर्डसन यांच्या रोमनेस्क कामात दाराची कमान जमिनीलगत सुरू होते, त्यामुळे वरच्या भिंतीचे सगळे वजन तिच्या खांद्यावर आल्यासारखे दिसते. त्या दडपणाखालून वाकून गेल्यासारखे आत जायचे आणि मग एकदम उंच जिन्यासमोर यायचे. हा क्रम इमारतीचा प्राण होता. तो मोडला की उरतो तो नुसता चांगला घडवलेला ग्रॅनाइट.

मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचा हा गुलाबीसर ग्रॅनाइट मुद्दाम खडबडीत तोंडाचा ठेवला आहे. तुरुंगाच्या भिंतीवरच्या कमानीचे ठोकळे तर माणसाच्या उंचीच्या मापात मोजावेत असे आहेत. कोर्ट आणि तुरुंग यांच्यामध्ये रॉस स्ट्रीटवरून जाणारा बंदिस्त दगडी पूल व्हेनिसच्या ‘ब्रिज ऑफ साइज’ (उसाशांचा पूल) या पुलावरून घेतला. आरोपीला रस्त्यावर न आणता कोर्टात नेण्याची ती सोय होती.

पहिला निर्णय: मातीखाली घडीव थर

रस्ता आणखी खाली जाणार हे ओळखून रिचर्डसन यांनी जोत्याखालीही, म्हणजे त्या वेळी मातीत गाडल्या जाणाऱ्या भागात, दर्शनी दर्जाचे घडीव थर बसवून घेतले.

सामान्य रिवाज असा की जमिनीवर दिसणारा दगड घडवायचा आणि खाली पायात ओबडधोबड दगड चुन्यात भरायचा. कारण उघड आहे, घडाईला पैसे पडतात. पण पुढे माती काढली गेली तर तो ओबडधोबड भाग उघडा पडतो आणि त्यावर नंतर आवरण चढवावे लागते. नंतर चढवलेले आवरण कधीच एकजीव होत नाही. खाणीचा थर बदललेला असतो, त्यामुळे रंग बदलतो. टाकी चालवणारे हात बदललेले असतात. दर्जांची, म्हणजे दोन दगडांमधल्या फटींची, रुंदी वेगळी पडते. शिवाय आवरण मूळ भिंतीला सांधावे लागते. सांधा लोखंडी असेल तर ओलीने गंजून फुगतो आणि दगडाची कड फोडतो. मूळ बांधकामातच घडीव थर खाली नेले की या सगळ्या कटकटी टळतात.

हा निर्णय दूरदृष्टीचा होता यात वाद नाही. पण त्यात एक फट राहिली. तरतूद भिंतीची झाली, दाराची नाही.

भिंतीचे गणित सरळ असते. रस्ता एक फूट जास्त खाली गेला तर एक फूट जास्त दगड दिसतो. दाराचे तसे नसते. रस्ता दोन-तीन फूट खाली गेला तर चार-सहा पायऱ्यांत काम भागते, आणि दर्शनी भागाला त्या शोभतातही. सात-आठ फूट गेला की पायऱ्यांचा जिना होतो. त्याला कठडा लागतो, मध्ये थांबा लागतो, बर्फ पडणाऱ्या शहरात तो रोज साफ ठेवावा लागतो, आणि तो फुटपाथ खातो. त्यापुढे दार दार राहत नाही, सज्जा होतो.

उंबरठ्याची पातळी ठरवताना ‘रस्ता जास्तीत जास्त किती खाली जाईल’ हा आकडा कोणीतरी लिहून ठेवायला हवा होता. तो रिचर्डसन यांच्या हातात नव्हता, कारण रस्ता शहराचा आणि इमारत काउंटीची. पिट्सबर्ग शहराचे सरकार आणि अ‍ॅलेगेनी काउंटीचे सरकार ही दोन वेगळी घरे आहेत. पुढच्या सगळ्या गुंत्याचे मूळ मला तरी इथेच दिसते.

अडचण: १९१२–१३

शहराने १९१२ मध्ये हम्पवर शेवटची कुऱ्हाड चालवली आणि १९१३ मध्ये काम पुरे केले. सर्वांत खोल भागात रस्ता सुमारे १६ फूट खाली गेला. रिचर्डसन यांनी धरलेल्या अंदाजापेक्षा हे जास्त होते. कोर्टाचे जोते तळघरापर्यंत उघडे पडले आणि दर्शनी दारे रस्त्यापासून काही फूट वर लटकली.

कोर्ट यात एकटे नव्हते. समोरच १९०२ मध्ये उभी राहिलेली, डॅनियल बर्नहॅम यांची फ्रिक बिल्डिंग होती. तिचेही तळघर रस्त्याच्या पातळीला आले. उलट शेजारची सिटी-काउंटी बिल्डिंग, हेन्री हॉर्नबॉस्टेल यांची, १९१५ ते १९१७ मध्ये बांधली गेली, म्हणजे रस्ता ठरल्यावर. तिच्या भव्य कमानींखालून माणूस सरळ चालत उंच दालनात जातो. एकाच रस्त्यावर, जवळजवळ शेजारी, दोन सरकारी इमारती. एकीला पातळी आधी कळली, दुसरीला नंतर. तुलना करायला याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

माती काढण्याच्या कामात जुन्या दगडी इमारतीला खरा धोका दिसण्याचा नसतो, पायाचा असतो. पाया गोठणरेषेच्या खाली हवा. पिट्सबर्गच्या भागात ती रेषा सुमारे ३६ इंच धरतात. त्याहून वरच्या मातीतले पाणी हिवाळ्यात गोठून फुगते आणि पाया उचलते. वरची माती काढली की पायाचा तळ नव्या जमिनीच्या जवळ येतो. अंतर ३६ इंचांपेक्षा कमी उरले तर पाया खाली नेणे भाग पडते. त्याची रीत ठरलेली आहे. भिंतीखाली सलग चर खणायचा नाही. चार-पाच फुटांचे तुकडे पाडायचे, एक सोडून एक खणायचे, प्रत्येकात नवे बांधकाम उभे करायचे, जुन्या पायाच्या तळाशी ते घट्ट पाचर मारून भिडवायचे, ते पक्के झाल्यावरच मधले तुकडे घ्यायचे. घाई केली की भिंतीला तिरप्या भेगा जातात, आणि त्या आधी खिडक्यांच्या कोपऱ्यांत दिसतात.

पर्याय

आयुक्तांच्या बैठकीत कोणत्या पर्यायावर किती चर्चा झाली हा या मांडणीचा विषय नाही. जागा पाहता आणि बांधकामाचे गणित पाहता जे पर्याय निघतात ते पाहू.

पहिला, बाहेरून जिना. दरवाजा जिथे आहे तिथेच ठेवायचा, रस्त्यावरून त्याच्यापर्यंत दगडी जिना चढवायचा. इमारतीला हात लागत नाही, आतला क्रम शाबूत राहतो, आणि पुढे हवा तर काढता येतो. अडचण जागेची. उदाहरणादाखल ८ फुटांचा फरक धरा. पायरीची उंची ६ इंच आणि रुंदी १२ इंच घेतली तर १६ चढ आणि १५ पावले, म्हणजे १५ फूट. दारापुढे मोकळी जागा ५ फूट. एकूण २० फूट जिना रस्त्याच्या दिशेने पुढे येतो. एवढा फुटपाथ आहे का, असला तर तो कोणाचा आहे, आणि उद्या रस्ता रुंद करायचा ठरला तर काय, हे प्रश्न जिना बांधण्याआधी सुटायला हवेत.

दुसरा, समोर ओटा. दर्शनी भागासमोरची थोडी माती तशीच ठेवून तिला दगडी धारभिंत घालायची आणि बाजूंनी पायऱ्या काढायच्या. दिसायला हा सर्वांत चांगला, कारण इमारत जुन्याच जोत्यावर उभी असल्यासारखी दिसते. पण त्याला जिन्याहूनही जास्त जागा लागते, आणि ग्रँट स्ट्रीटसारख्या वर्दळीच्या रस्त्यावर ती मिळणे कठीण.

तिसरा, दारे खाली ओढायची. कमानींखालचा दगड कापून दारे नव्या रस्त्यापर्यंत लांबवायची. फुटपाथ मोकळा राहतो, चढ-उतार संपतो. पण दोन गोष्टी बिघडतात. ठेंगणी कमान एकदम उंच होते, आणि उंच झाली की ती रिचर्डसन यांच्या रोमनेस्क धाटणीची राहत नाही. शिवाय दार तळघरात उघडते.

चौथा, दारे खाली आणि आत जिना. तिसऱ्यासारखी दारे खाली न्यायची, पण दारामागच्या भागात वरची जमीन कापून दोन मजले एक करायचे, म्हणजे माणूस रस्त्यावरून थेट उंच दालनात येईल आणि आतल्या जिन्याने मूळ प्रवेशदालनाच्या पातळीवर चढेल. सर्वांत महागडा पर्याय. दगडी कमानींवर तोललेली जमीन कापली की शेजारच्या कमानींचा आडवा रेटा अडवायला काही उरत नाही. तो रेटा पोलादी तुळयांनी किंवा ताणदांड्यांनी घ्यावा लागतो. तळघरातले हवेचे मार्गही हलवावे लागतात.

पाचवा, दुय्यम दारे. समोरची दारे तशीच वर ठेवायची, समारंभापुरती, आणि रोजची वर्दळ बाजूच्या रस्त्यांवरून आत घ्यायची. स्वस्त. पण कोर्टाचे पुढचे दार बंद असणे लोकांना चमत्कारिक वाटते, आणि काही वर्षांत ते दार कायमचे कुलूपबंद होऊन त्यामागे फाइलींची कपाटे उभी राहतात. सरकारी इमारतीत हे कुठेही होते.

दुसरा निर्णय: जिना

१९१३ नंतर पहिला पर्याय अमलात आला. दर्शनी दारांपर्यंत मोठा जिना बांधला गेला. आजच्या जतनाच्या दृष्टीने हा निर्णय बरोबर होता. मूळ दगडाला धक्का नाही, कमानींचे प्रमाण तसेच, आत शिरताच तेच दालन, आणि सगळे परत फिरवता येण्याजोगे.

मात्र जिना उभा होता रस्त्याच्या हद्दीकडे सरकून. त्याच्या टिकण्याची हमी काउंटीच्या हातात नव्हती. काउंटीने शहराशी तेव्हाच लेखी बोलणी करून जिन्याच्या जागेचा कायम हक्क मिळवला असता, तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती. बांधकामाचा हा निर्णय चांगला, जमिनीच्या हक्काचा निर्णय झालाच नाही.

तिसरा निर्णय: दारे खाली

१९२० च्या दशकात मोटारी वाढल्या आणि ग्रँट स्ट्रीट रुंद करायचे ठरले. जिना गेला. दारे खाली ओढून रस्त्याला मिळवली गेली. तिसरा पर्याय, आणि चौथ्याची जोड न देता.

इथे थांबून विचार करायला हवा. १९१३ चा जिना ही तात्पुरती सोय म्हणता येईल. दारे खाली ओढणे हे कायमचे काम होते. दगड एकदा कापला की तो परत येत नाही. कायमचे काम करताना प्रश्न विचारायला हवा होता तो दाराचा नव्हता, ‘माणूस आत आल्यावर कुठे उभा राहतो’ हा होता. तो विचारला गेला असता तर चौथा पर्याय निदान कागदावर तरी आला असता. दुरुस्ती दर्शनी भागाची समजली गेली, इमारतीच्या वाटेची समजली गेली नाही.

शैलीही बदलली. उंच झालेल्या दारांना रिचर्डसन यांच्या कामापेक्षा अभिजात, म्हणजे ग्रीक-रोमन धर्तीचे, वळण आले. जाणकार नजरेला तो फरक लगेच खटकतो. वर सगळे जड, खडबडीत, जमिनीला चिकटलेले. खाली एकदम सडपातळ आणि नीटनेटके.

परिणाम

पहिला परिणाम मजल्यांच्या मोजणीत दिसतो. मूळ पहिला मजला आज दुसरा आहे. जुने नकाशे, जुने फोटो आणि आजच्या पाट्या यांत एका मजल्याचा फरक पडतो. दुरुस्तीचे अंदाजपत्रक करताना हा घोळ खराखुरा पैशाचा होतो. ‘पहिल्या मजल्याच्या खिडक्या’ असे कंत्राटात लिहिले आणि मजला कोणत्या काळातला ते लिहिले नाही, तर मोजमापेच चुकतात. अशा इमारतीत मजल्याला नाव न देता समुद्रसपाटीपासूनची पातळी लिहावी.

दुसरा परिणाम गर्दीचा. सामानाची ने-आण करायला काढलेल्या बोळातून आता पक्षकार, वकील, ज्युरीतले लोक आणि पोलीस एकदम शिरतात, आणि सुरक्षा तपासणीही तिथेच. बुटके छत, जाड खांब आणि वळणे यांमुळे रांग कुठे वळवावी हा रोजचा प्रश्न.

तिसरा परिणाम म्हणजे परतीची वाट बंद झाली. कोणाला वाटेल, जिना पुन्हा बांधा आणि मूळ दारे उघडा. पण १९९० च्या अपंग हक्क कायद्यानंतर सार्वजनिक इमारतीच्या मुख्य प्रवेशाला नुसता जिना चालत नाही. उताराचे प्रमाण जास्तीत जास्त १ ला १२. एका सलग उतारात ३० इंचांपेक्षा जास्त चढ चालत नाही, मग ६० इंचांचा सपाट थांबा द्यावा लागतो. वरच्या उदाहरणातले ८ फूट, म्हणजे ९६ इंच, चढायचे तर उतार ९६ फूट, चार टप्पे, मधले तीन थांबे, वर-खाली एकेक, मिळून सुमारे १२० फूट. ते दर्शनी भागासमोर घातले तर ज्या कमानी मोकळ्या करायच्या त्याच झाकल्या जातील. १९२० च्या दशकातला दगड कापण्याचा निर्णय गैरसोयीचा होता, पण चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यासाठी आज तोच सोयीचा ठरतो, ही गोष्टही मान्य करायला हवी.

नंतरचे चांगले निर्णय

१९७६ मध्ये कोर्ट आणि तुरुंग यांना राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. अंगणात अनेक वर्षे मोटारी उभ्या राहत. १९७० च्या दशकात ते बाग आणि कारंजे करून लोकांना मोकळे झाले. याचा परिणाम मोठा झाला, कारण चौकाची इमारत चौकातूनच कळते. १९८८ मध्ये, शताब्दीच्या वर्षी, ३२१ क्रमांकाची कोर्टरूम मूळ स्वरूपात आणली गेली. सगळ्या कोर्टरूम एकदम हाती घेण्यापेक्षा एक पूर्ण करून नमुना ठेवणे हे शहाणपणाचे. त्यातून रंग, लाकूड आणि दिव्यांचे खरे दर कळतात आणि पुढच्या कामाला माप मिळते.

तुरुंगाचे काम या सगळ्यात सर्वांत सरस. १९९५ मध्ये कैदी नव्या इमारतीत हलवले गेले आणि जुना तुरुंग रिकामा झाला. रिकामी दगडी इमारत काही वर्षांतच खराब होऊ लागते. गळणारे पन्हाळे आणि कबुतरे एवढी दोनच कारणे पुरतात. आयकेएम या वास्तुविशारदांच्या आराखड्याने २००० पर्यंत तिथे कौटुंबिक न्यायालय आले. मध्यभागी अष्टकोनी दालन आणि त्याला जोडलेले पंख हा मूळ आराखडा ठेवला, कोठड्यांच्या जागी कोर्टरूम बसवल्या, आणि कोठड्यांचा एक भाग मुद्दाम तसाच राखून छोटे संग्रहालय केले. इथे प्रश्न योग्य विचारला गेला. भिंत कशी वाचवायची हा तर होताच, पण माणूस आत शिरल्यावर त्याला ही इमारत काय होती ते कुठून दिसणार, याचाही विचार झाला.

वेगळे काय करता आले असते

पातळ्यांची नोंद हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधीचे काम. जुन्या इमारतीच्या चार पातळ्या कायम खुणेच्या संदर्भाने लिहून ठेवायच्या: रस्त्याचा माथा, फुटपाथ, उंबरठा, आतली जमीन. घडीव दगड कुठे संपतो आणि ओबडधोबड कुठे सुरू होतो तीही पाचवी. ही नोंद रस्त्याच्या मालकाकडे अधिकृतपणे पोहोचवायची, म्हणजे पुढच्या आराखड्यात ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात आपली अडचण नेमकी उलटी असते. डांबराचे थर चढत जातात, रस्ता उंचावतो, आणि वाड्यांची, देवळांची, जुन्या कचेऱ्यांची जोती बुडतात. पहिल्या पायरीवर पाणी साचते, मग दुसरी जाते. नोंद मात्र तीच पाच आकड्यांची लागते. फरक एवढाच की इथे जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा घालू नये, ही अट कामाच्या निविदेत लिहून घ्यावी लागते.

पिट्सबर्गपुरते बोलायचे तर चौथा पर्याय, म्हणजे दारामागे दोन मजले एक करणे, हा आजही पूर्ण बंद झालेला नाही. कामाचा क्रम असा राहील. आधी खालच्या बोळातली सगळी नंतरची भर, खोटी छते, वायरींचे खोके, हलक्या भिंती, मोजून नकाशावर आणायची. मग दारामागच्या जमिनीखालच्या कमानी आणि तुळया उघडून, वजन कुठून कुठे जाते ते तपासायचे. हवेचे जुने मार्ग कुठले वापरात आहेत आणि कुठले नुसते बुजलेले आहेत ते वेगळे काढायचे. त्यानंतरच, एकाच दारामागे, एकाच गाळ्यापुरती जमीन काढून पाहायची, बाजूच्या कमानींवर भेगांची खूणपट्टी लावून निदान एक हिवाळा आणि एक उन्हाळा नोंदी घ्यायच्या. कोर्टाचे काम चालूच राहणार, त्यामुळे आवाजाची कामे सुनावणीच्या वेळेबाहेर, आणि माणसांची वाट त्या काळात बाजूच्या रस्त्यांवरून.

दर्शनी भागावर १९२० च्या दशकातला दगड कुठे सुरू होतो ते दर्जांची रुंदी, टाकीच्या खुणा आणि ओल सुकण्याचा वेग यांवरून पावसानंतर चांगले दिसते. तो दगड काढून ठेंगण्या कमानी परत आणण्याचा आग्रह मात्र धरू नये. दार रस्त्याला मिळालेले राहू द्यावे, काम आत करावे.